शिकागो अ‍ॅव्हेन्यूवरचं युक्रेनी आधुनिक चित्रघर

रानवाटा
शिकागोत राहून मला अकरा वर्षं झाली. ६६ नंबरची बस शिकागो अ‍ॅव्हेन्यूवरून पश्चिमेकडे जाते, त्या बसने मी शेकडो वेळा गेले असेन. ओकली बुलेव्हार्ड जवळ आलं की एका बाजूच्या गल्लीत हिरवट घुमट दिसतात, दुसऱ्या बाजूला सोनेरी. दुकानांच्या पाट्यांवर वेगळी लिपी. हा भाग म्हणजे युक्रेनियन व्हिलेज. तिथे उतरून चालावं असं मला दहा वर्षांत सुचलं नाही.

मागच्या वर्षी आमच्या इमारतीत एक युक्रेनी आजी राहायला आल्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर जर्मनीत निर्वासितांच्या छावण्या होत्या, त्यातल्या बव्हेरियातल्या एका छावणीत त्यांचा जन्म झाला. मी एकदा सहज म्हटलं, तुमच्या लोकांचं संग्रहालय बघायचं आहे. त्या म्हणाल्या, "कुठलं? दोन आहेत. दुसऱ्यात गेलीस तर भरतकाम शोधू नकोस."

मी गेले ती त्या दुसऱ्यात. नाव युक्रेनियन इन्स्टिट्यूट ऑफ मॉडर्न आर्ट, स्थापना १९७१. तिथून घरी आल्यापासून जे काही वाचलं, विचारलं, ते सगळं इथे लिहिते. लांबेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी जागेबद्दल. रस्त्याला लागून तीन जुने दुकानगाळे होते. ते जोडून आतून एक केले आणि बाहेरून एकच दर्शनी भाग दिला. हे काम स्टॅन्ली टायगरमन या वास्तुविशारदाचं. शिकागोची ओळख म्हणजे वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोहच्या लोखंड-काचेच्या काटेकोर इमारती. त्या शिस्तीला टायगरमनने उघड आव्हान दिलं होतं. १९७८ मध्ये त्याने एक चिकटचित्र (कोलाज) केलं, त्यात मीसचा क्राउन हॉल टायटॅनिकसारखा पाण्यात बुडताना दाखवला आहे. अशा माणसाकडे एका निर्वासित समाजाने आपली जागा घडवायला दिली. घुमट नाही, नक्षी नाही, राष्ट्रचिन्हाचा त्रिशूळ नाही. आजूबाजूला कौटुंबिक घरं, पतपेढी, चर्चं, आणि मध्येच हे.

संस्था उभी केली ती एका डॉक्टरने आणि त्याच्या कलावंत मित्रांनी. डॉ. अकिलीस ख्रेप्टोव्स्की हे पेशाने वैद्यक, मनाने संग्राहक. त्यांच्यासोबत कॉन्स्टंटिन मिलोनाडिस आणि मिखाइलो उर्बान. मिलोनाडिस पोलादी तारांची शिल्पं करायचे, नुसत्या हवेच्या झुळकेने हलणारी. उर्बान लाकडाच्या तुकड्यांतून रचना उभ्या करायचे. या लोकांनी पहिल्यापासून ठरवलं की इथे युक्रेनी कलावंतांसोबत शिकागोतले बाकीचे कलावंतही दाखवायचे, त्यांचं मूळ कुठलंही असो. तेव्हापासून आजवर तसंच चाललं आहे. कायमच्या संग्रहात युक्रेनी वंशाचे चित्रकार-शिल्पकार आहेत आणि शिकागोचेही आहेत.

मला प्रश्न पडला तो हा. ज्यांचा देश हातातून गेला, गाव गेलं, ज्यांना परत जायची सोय नव्हती, ते लोक आधी काय जपतील? भाषा, देव, पोशाख, गाणी. तेही त्यांनी केलंच. तिथून पाच मिनिटांवर सुपीरियर स्ट्रीटला युक्रेनियन नॅशनल म्युझियम आहे, १९५२ चं. तिथे भरतकामाचे सदरे आहेत, लाकूडकाम आहे, आणि ती रंगवलेली अंडी आहेत ज्यांना ते 'पिसांका' म्हणतात. मग अमूर्त चित्रांसाठी आणखी एक घर कशाला हवं होतं?

उत्तर मला शिकागोत मिळालं नाही. ते किव्ह आणि लव्हिवच्या इतिहासात मिळालं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युक्रेनमध्ये आधुनिक कला अगदी जोमात होती. मिखाइलो बोइचुक नावाचा चित्रकार होता. बायझंटाइन धर्मचित्रं, लोककला आणि नवी दृष्टी यांतून त्याने भित्तिचित्रांची एक शाळाच उभी केली. १९३७ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. त्याच वर्षी त्याच्या पत्नीलाही, सोफिया नालेपिन्स्का-बोइचुक यांना. त्या स्वतः काष्ठछापाच्या कलावंत होत्या. त्या शाळेची बहुतेक भित्तिचित्रं खरवडली गेली. किव्हच्या संग्रहालयात अशा 'रूपवादी' (आशयापेक्षा रूपाला महत्त्व देणाऱ्या) ठरवलेल्या चित्रांसाठी गुप्त कोठडी होती. चित्रं गुंडाळून तिथे टाकलेली, कुणाला दाखवायची नाहीत. लव्हिवच्या राष्ट्रीय संग्रहालयात तर १९५२ मध्ये सरळ नष्टच केली गेली. इकडे शिकागोत ज्या वर्षी अंडी आणि सदरे जपायला पहिलं संग्रहालय उघडलं, त्याच वर्षी तिकडे हे घडत होतं.

आणि हे फक्त स्टालिनच्या काळापुरतं नव्हतं. १९६४ मध्ये किव्ह विद्यापीठात कवी तारास शेव्हचेंकोवर रंगीत काचेचं एक मोठं चित्र बसवलं. ते घडवणाऱ्यांत चित्रकार अल्ला होर्स्का होती. अधिकाऱ्यांनी ते लोकांनी बघायच्या आत फोडून टाकलं. नोव्हेंबर १९७० मध्ये होर्स्काचा खून झाला. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, शिकागोत हे चित्रघर सुरू झालं.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध होता असं मी म्हणत नाही. पण सदरा शिवायला तिकडे कुणी अडवत नव्हतं. लोकनृत्याची पथकं सोव्हिएत सरकार स्वतःच जगभर फिरवत होतं. बंदी होती ती स्वतःच्या डोक्याने नवं काही करायला. म्हणून जे तिकडे मारलं जात होतं ते इकडे जगवायचं, तर भरतकाम पुरलं नसतं. आजींच्या त्या वाक्याचा अर्थ मला असा लागला.

इथे कुणी तिथे गेलंय का? शिकागोबाहेरच्या मंडळींनीही लिहा.

निळाई
रानवाटा, एका दमात वाचलं. होर्स्काबद्दल पहिल्यांदाच कळलं. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी मारिउपोलमध्ये १९६७ साली केलेली मोठी मोझेक २०२२ च्या हल्ल्यांत उद्ध्वस्त झाली, ती हीच ना?

रानवाटा
हो, तीच. 'जीवनवृक्ष' आणि 'ससाणा' अशी दोन होती.

कृष्णाकाठ
तुम्ही 'पतपेढी' असा शब्द सहज लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकलो. माझी उभी हयात सांगली जिल्ह्यातल्या सहकारात गेली. म्हणून शोधलं.

ती सेल्फरिलायन्स. शिकागोत १९५१ साली सुरू झालेली पतसंस्था. युक्रेनी भाषेत 'सामोपोमिच', म्हणजे आपली मदत आपणच. संग्रहालयाच्या अगदी शेजारी तिची इमारत आहे. छावणीतून आलेल्या माणसाला बँक दारात उभं करत नव्हती. गहाण ठेवायला काही नाही, इंग्रजी येत नाही. मग लोकांनी आपापले दहा-वीस डॉलर एकत्र केले आणि त्यातून एकमेकांना घरासाठी कर्ज दिलं. आज त्या भागात जी युक्रेनी घरं आहेत त्यामागे या संस्थेचा मोठा हात आहे.

हे त्यांना अमेरिकेत येऊन सुचलेलं नाही. गॅलिसियाचा पूर्व भाग आज पश्चिम युक्रेनमध्ये आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सहकारी चळवळ होती, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ती फार मोठी झाली. 'मास्लोसोयुझ' नावाचा त्यांचा दूध संघ होता. गावोगावच्या संकलन केंद्रांतून दूध, एका नाममुद्रेखाली लोणी, आणि ते लोणी परदेशात जायचं. माझ्यासारख्याला वाचताना वारणा आठवली. सत्ता तेव्हा पोलंडची होती, सरकारी नोकऱ्यांत युक्रेनी माणसाला जागा नव्हती, म्हणून त्यांनी सोसायट्या काढल्या. मग सोसायटीच्या जोरावर वाचनालय, शाळा, नाटकाचा हॉल. आपल्याकडे प्रवरानगरला साखर कारखान्यासोबत शाळा-कॉलेज आलं, तीच वाट.

सांगायचं इतकंच, की चित्रघर हवेत उभं राहत नाही. त्याच्या शेजारी पतपेढी असते. ज्या समाजाला वर्गणी गोळा करायची, हिशेब लिहायचा आणि वार्षिक सभेत भांडून का होईना ठराव मंजूर करायचा सराव आहे, त्यालाच हे जमतं.

रानवाटा
कृष्णाकाठ, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती पतपेढी मी रोज पाहते.

नागपुरी_संत्र
लेख उत्तम आहे, पण एक प्रामाणिक शंका विचारतो, राग मानू नका. तारांच्या हलत्या शिल्पात युक्रेनी काय आहे? लाकडाच्या अमूर्त रचनेत काय आहे? ते जपान्याने केलं असतं तरी तसंच दिसलं असतं. मग समाजाने त्यावर पैसे खर्च करून समाजाला काय मिळालं? सदरा बघून नातवंडाला कळतं की हे आपलं आहे. तार बघून काय कळणार?

चित्रकथी
नागपुरी_संत्र, प्रश्न रास्त आहे. शाळेत चित्रकला शिकवताना पालक मला वेगळ्या शब्दांत हेच विचारतात.

उत्तर देताना मी अलेक्झांडर आर्किपेंकोपासून सुरू करतो. या संग्रहालयात त्याचं काम आहे आणि त्याच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जन्म किव्ह, १८८७. १९०८ च्या सुमारास पॅरिस, पुढे बर्लिन, १९२३ मध्ये अमेरिका. त्याने शिल्पकलेत काय केलं ते शब्दांत सांगतो. तोपर्यंत शिल्प म्हणजे भरीव वस्तू, तिच्याभोवती मोकळी जागा. आर्किपेंकोने ती मोकळी जागा शिल्पाच्या आत घेतली. १९१५ ची 'केस विंचरणारी स्त्री' बघा. चेहरा असायला हवा तिथे आरपार पोकळी आहे. केसांचा आणि हाताचा वळसा त्या पोकळीला असा वेढतो की तिथे चेहरा आहे असंच वाटतं. जिथे फुगीर असायला हवं तिथे तो खोलगट करतो, आणि प्रकाश पडला की डोळा ते फुगीर म्हणून वाचतो. पुढे जगभरच्या शिल्पकारांनी हे वापरलं.

आता याच आर्किपेंकोने कवी शेव्हचेंको, लेखक इव्हान फ्रांको आणि किव्हचा राजा व्होलोदिमिर यांचे पुतळेही केले. ओळखू येणारे, भारदस्त. क्लीव्हलँडच्या युक्रेनी सांस्कृतिक उद्यानासाठी. समाजाने मागितले, त्याने घडवून दिले. एकाच माणसाच्या हातून दोन्ही. पुतळ्यांतला आर्किपेंको युक्रेनी आणि पोकळीतला आर्किपेंको परका, असं कसं म्हणायचं?

आणखी एक नाव, याकिव ह्निझ्दोव्स्की. अमेरिकेत जाक म्हणून ओळखतात. काष्ठछापाचे मोठे कलावंत. महायुद्धानंतर निर्वासित म्हणून १९४९ मध्ये अमेरिकेत आले. त्यांची झाडं आणि मेंढ्या बघा. एकेक पान, लोकरीचा एकेक वळसा लाकडात कोरलेला. लोककलेच्या लयीला जपानी छापांचा संयम मिळाला तर जे होईल ते. सदऱ्याचं भरतकाम त्यात आहे का? माझ्या मते आहे, पण हाताच्या सवयीत आहे, विषयात नाही.

तुम्ही नागपूरचे दिसता, म्हणून हे. वासुदेव गायतोंडे १९२४ साली तुमच्याच शहरात जन्मले. जे.जे.त शिकले, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, आणि २०१४ मध्ये तिथल्याच गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यांच्या त्या शांत, एकरंगी पडद्यांसमोर उभं राहून 'यात आमचं काय' असं आपण विचारतो का? विचारलं तरी चित्राचं काही बिघडत नाही.

नागपुरी_संत्र
चित्रकथी सर, गायतोंडे नागपूरला जन्मले हे मला खरंच ठाऊक नव्हतं. 'केस विंचरणारी स्त्री' शोधून पाहिली, फोटोत. पोकळीत चेहरा दिसतो हे खरं आहे. नातवंडाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

अटलांटिककाठ
न्यूजर्सीतून. नागपुरी_संत्र यांच्या 'आपलं आहे हे कळतं' या शब्दांवर थोडं.

आर्किपेंकोच्या नावाखाली संग्रहालयांच्या पाट्यांवर अनेक दशकं 'रशियन' लिहिलं जायचं. त्याचा देश नकाशावर नव्हता, मग दुसरं काय लिहिणार? २०२२ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने फ्रेंच चित्रकार देगाच्या एका चित्राचं नाव 'रशियन नर्तकी' होतं ते 'युक्रेनी नर्तकी' केलं. चित्रातल्या मुलींच्या केसांत निळ्या-पिवळ्या फिती आहेत. मग २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने काही चित्रकारांच्या पाट्या बदलल्या, खार्किव्हजवळ जन्मलेला रेपिन त्यांत होता. एवढी मोठी संस्थानं जागी व्हायला युद्ध लागलं.

शिकागोच्या त्या तीन गाळ्यांतल्या संस्थेने हेच १९७१ पासून आपल्या दारावर लिहून ठेवलं होतं. मला तर नातवंडाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच दिसतं. सदरा सांगतो की तुझी पणजी काय घालायची. ही पाटी सांगते की विसाव्या शतकाची कला घडवणाऱ्यांत तुझी माणसं होती, आणि त्यांचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर लिहिलं जात होतं.

सवड झाली तर न्यूयॉर्कचं युक्रेनी संग्रहालयही बघा. युक्रेनी महिलांच्या संघटनेने १९७६ मध्ये सुरू केलं. २००५ मध्ये ईस्ट सिक्स्थ स्ट्रीटवर स्वतःच्या नव्या इमारतीत गेलं, आणि नव्या इमारतीतलं पहिलं प्रदर्शन होतं आर्किपेंकोचं. तिथे मात्र लोककला आणि आधुनिक कला एकाच छपराखाली आहेत.

तिठा
मी आर्किपेंको शोधताना शिकागोशी त्याचं आणखी जुनं नातं सापडलं. कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. देशोदेशीची दालनं. त्यात एक दालन युक्रेनचं होतं, आणि तेव्हा युक्रेन नावाचं स्वतंत्र राज्य नव्हतं! प्रदेश सोव्हिएत संघ, पोलंड, रुमेनिया आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्यात वाटलेला. मग दालन कुणी बांधलं? अमेरिकेतल्या स्थलांतरितांनी, वर्गणी काढून. आणि त्यात आर्किपेंकोची शिल्पं मांडली. म्हणजे आधुनिक कलेला मानाने जागा देणं हे १९७१ चं नवल नव्हतं, शिकागोच्या युक्रेनी लोकांनी ते अडतीस वर्षं आधी एकदा केलेलं होतं. पुढे १९३७ मध्ये कलावंत मोहोली-नॉजने शिकागोत 'न्यू बाउहाउस' हे कला-अभिकल्पाचं विद्यालय काढलं, तिथे आर्किपेंको शिकवायलाही होता.

आता १९३३ हे साल पुन्हा वाचा. त्याच १९३२-३३ मध्ये सोव्हिएत युक्रेनमध्ये होलोदोमोर, म्हणजे लादलेला दुष्काळ. शेतकऱ्याच्या घरातला दाणा न् दाणा उचलून नेला आणि लक्षावधी माणसं उपाशी मेली. मॉस्को जगाला सांगत होती की दुष्काळ वगैरे काही नाही. शिकागोच्या कारखान्यांत आणि खाटिकखान्यांत राबणाऱ्या माणसांनी तेव्हा स्वतःच्या पगारातून दालन उभारलं, आम्ही आहोत हे दाखवायला. रात्री हे वाचलं आणि झोप लागली नाही.

पाटीपेन्सिल
तिठा, अंगावर काटा आला.

मी शिकागोच्या उपनगरात मराठी शाळेत शिकवते, आणि हा धागा वाचताना सारखं आपल्याकडे लक्ष जातं. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं पहिलं अधिवेशन १९८४ मध्ये याच शहरात झालं. आपली मंडळं चाळीस-पन्नास वर्षं नाटकं करतात, गणपती, दिवाळी अंक, संगीत, आता मुलांसाठी शाळा. खूप काम आहे, आणि करणारी माणसं नोकरी सांभाळून करतात. पण इथल्या मराठी चित्रकाराचं चित्र टांगायला आपल्याकडे एकही भिंत नाही. अधिवेशनाच्या हॉलमध्ये तीन दिवस लावतात, चौथ्या दिवशी काढतात.

शिवाय इथे जन्मलेली आपली मुलं काय करतात? आपण त्यांना लेझीम शिकवतो, श्लोक पाठ करून घेतो. माझ्या वर्गातली एक मुलगी चित्रकथा काढते, अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत, विषय तिच्या शाळेच्या बसमधला. कार्यक्रमात ती कुठे बसवायची हे मला कळत नाही. रानवाटाने लिहिलेलं वाचताना तीच मुलगी डोळ्यांसमोर होती.

अटलांटिककाठ
पाटीपेन्सिल, तुमची खंत समजते, पण एक फरक लक्षात घ्यावा लागेल. आपण दोन वर्षांनी पुण्या-मुंबईला जातो. नवं नाटक, नवं पुस्तक, नवी चित्रं तिकडे होत आहेत, आपल्याला ती मिळतात. १९४५ नंतर छावण्यांतून निघालेल्या माणसांना १९९१ पर्यंत परतीची वाट नव्हती. परत गेलेल्यांना सैबेरिया दिसला होता. तिकडे नवं काही होतं ते तुरुंगात जात होतं. म्हणून इकडेच नवं घडवणं ही त्यांची निकड होती. आपल्याला तशी निकड कधी पडली नाही, आणि देव करो ती कधी पडू नये.

पाटीपेन्सिल
हे खरं आहे. तरीही माझ्या वर्गातल्या मुलीसाठी पुणं हे काही 'तिकडे चाललंय ते आपलं' नाही. तिचं जे आहे ते इथलंच आहे.

तिठा
त्या भागातल्या चर्चांबद्दल कुणी सांगेल का? हिरवे घुमट आणि सोनेरी घुमट वेगवेगळे का?

रानवाटा
तिठा, हिरवे घुमट सेंट निकोलस कॅथेड्रलचे. किव्हच्या सेंट सोफियाच्या धर्तीवर बांधलेलं, तेरा घुमट, पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचं. सोनेरी घुमट संत व्होलोदिमिर आणि ओल्हा यांच्या चर्चचे. दोन्ही युक्रेनी कॅथलिकच. १९६८ च्या आसपास वाद झाला की सण जुन्या ज्युलियन पंचांगाने करायचे की नव्या ग्रेगोरियनने. सेंट निकोलसमध्ये नवं पंचांग आलं, तेव्हा जुनं सोडायला तयार नसलेले बाहेर पडले आणि त्यांनी दोन गल्ल्या सोडून दुसरं चर्च उभारलं. दर्शनी भिंतीवर ९८८ सालच्या किव्हच्या धर्मदीक्षेचं भलंमोठं मोझेक आहे. सुपीरियर स्ट्रीटचं जुनं संग्रहालय त्याच्या लगतच.

जवळच तिसरंही आहे, ऑर्थोडॉक्स होली ट्रिनिटी, १९०३ चं. ते लुई सलिव्हनने बांधलं, ज्याला शिकागोच्या गगनचुंबी इमारतींचा जनक मानतात. रशियाच्या झारनेही त्याला देणगी दिली होती. आतले रंग बघायला तरी जावं.

तिठा
आमच्या रत्नागिरीत हे पटकन समजेल! टिळक पंचांग मानणाऱ्या घरात अधिक महिन्याच्या एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी बसायचा. एकाच वाडीत दोन गणपती, दोन तारखा, आणि दोन्ही घरं आपापल्या जागी ठाम. आजोबांनी त्यावरून चुलत भावाशी बोलणं टाकलं होतं. पण त्यावरून दुसरं देऊळ बांधलं नाही कुणी.

कृष्णाकाठ
खुद्द युक्रेनमधल्या मुख्य चर्चांनी २०२३ मध्ये नवं पंचांग घेतलं, नाताळ आता २५ डिसेंबरला. जुन्या पंचांगाची ७ जानेवारी ही मॉस्कोची तारीख वाटू लागली म्हणून.

मला त्या वादात एक गोष्ट मोलाची वाटते. १९६८ ला समाज पंचांगावरून दुभंगला, मनं कडू झाली असणार. आणि तीनच वर्षांनी, त्याच चार गल्ल्यांत, असं एक घर उघडलं जिथे दोन्हीकडची माणसं जाऊ शकत होती. चित्राला पंचांग नसतं. ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण गावात तालमीसारखी एक जागा लागते, जिथे कुठल्याही भावकीचा माणूस बसू शकतो.

निळाई
तिथे आता युक्रेनी लोक राहतात का? माझी मैत्रीण म्हणाली की घरं फार महाग झाली आहेत.

रानवाटा
कमी झाले आहेत. शेजारचं विकर पार्क चढत गेलं तसा हा भागही महागला, आणि मुलं-नातवंडं उपनगरांत गेली. रविवारी चर्चला परत येतात. १९९१ नंतर आलेले बरेच लोक थेट उपनगरांतच उतरले. २०२२ नंतर मात्र पुन्हा या गल्ल्यांत नवे चेहरे दिसतात. ओकलीच्या थांब्यावर बाळगाडी घेतलेल्या तरुण बायका असतात, फोनवर बोलताना आवाज खाली करतात.

आमच्या आजी आठवड्यातून एकदा अशा चार-पाच जणींना घरी बोलावतात. मीही दोनदा गेले. त्या पिसांका शिकवतात. कच्चं अंडं, मेणबत्ती, आणि काडीला बांधलेली पितळी चिमुकली नळी. नळीत वितळलेलं मेण घेऊन अंड्यावर रेघ ओढायची, मग पिवळ्या रंगात बुडवायचं. जिथे मेण तिथे पांढरं राहतं. पुन्हा मेण, मग तांबडा, पुन्हा मेण, मग काळा. शेवटी ज्योतीजवळ धरून मेण पुसायचं, तेव्हाच पहिल्यांदा दिसतं की आपण काय काढलं. खार्किव्हहून आलेल्या एका मुलीने, असेल दहाएक वर्षांची, सूर्य-हरिण वगैरे काहीच काढलं नाही. तिने एका बाजूला जिना काढला. भुयारी रेल्वेच्या स्थानकात उतरणारा. ती तिथे किती आठवडे राहिली हे मी विचारलं नाही. आजींनी अंडं हातात घेऊन बराच वेळ फिरवलं आणि म्हणाल्या, पायऱ्यांच्या रेघा बारीक हव्या होत्या, पुढच्या वेळी नळी आणखी उभी धर.

नागपुरी_संत्र
रानवाटा ताई, हा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. नातवंडाचा मुद्दा मी मागे घेतो.

पाटीपेन्सिल
मी शाळेत विचारलं. पुढच्या रविवारी दुपारी मोठ्या वर्गातली सहा मुलं आणि दोन पालक येऊ शकतात, चित्रकथावाली मुलगीही. आत मुलांना चालतं का? आणि यायचं कसं?

रानवाटा
चालतं, मी विचारून ठेवते. दुपारचे थोडेच तास उघडं असतं, तेव्हा साडेबारापर्यंत पोहोचा. शहरातून ६६ घ्या, वेस्टर्नच्या एक थांबा आधी, ओकलीला उतरा. पत्ता २३२०, पतपेढीच्या शेजारीच. मी थांब्यावर उभी असेन, आजी येणार म्हणतात. मुलांना कोऱ्या वह्या आणि पेन्सिली आणायला सांगा.